बॅटरी उघडता यायला हवी

महोदय,

आमच्या रावेर भागात केळीला पाणी द्यायला रात्री-अपरात्री मोटार सुरू करायला जावं लागतं. बांधावर साप-विंचू, त्यामुळे हातात बॅटरी हवीच. पण हल्लीच्या बऱ्याच एलईडी बॅटऱ्या गोंद लावून कायमच्या बंद केलेल्या असतात. आतला दिवा वर्षानुवर्षं टिकतो. आधी जातो तो सेल नाहीतर बटण, आणि तेवढ्यासाठी अख्खी वस्तू भंगारात!

ॲल्युमिनियमची असेल तर ती उघडता येते. सेल बाहेर निघत असेल तरच हे करावं: आधी तो काढावा, मग पुढचं तोंड हेअर ड्रायरने तापवावं. आट्यांमधला गोंद सैल पडला की सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पिळावं. पान्याने धरलं तर नळी चेपते. आत बहुतेकदा स्प्रिंगवर हिरवट थर दिसतो, रबरी रिंग सुकलेली असते. थर स्पिरिटने पुसावा, रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवावं. फुगलेल्या लिथियम सेलला मात्र टोचू नये, तापवू नये.

कंपन्यांनी गोंदाऐवजी स्क्रू द्यावेत, सेल आणि रिंग सुट्या विकाव्यात. आमच्याकडच्या दुकानदारांनीही असाच माल मागवावा, ही कळकळीची विनंती.

– एक केळी उत्पादक, रावेर (जि. जळगाव)