सही करायच्या आधी हे वाच

सोनू,

नोकरीची ऑफर आली वाचून भारी वाटलं, आणि तीही कमर्शियल रिअल इस्टेटमधली, म्हणजे माझ्याच लाईनीतली, म्हणून बाबा म्हणाले तूच लिही तिला. ग्रेट प्लेस टू वर्कच्या बॅजचा, म्हणजे काम करायला चांगली कंपनी असल्याच्या सर्टिफिकेटचा, फोटो तू आधी पाठवलास आणि पगार नंतर सांगितलास, त्यावरून कळलंच मन कुठं बसलंय ते.

बॅज खोटा नसतो हं. ट्रस्ट इंडेक्स म्हणून सर्व्हे असतो, त्यात कर्मचाऱ्यांनाच विचारतात आणि कोण काय बोललं ते साहेबाला कळत नाही. रॉबर्ट लेव्हरिंग नावाच्या पत्रकाराला 1980च्या दशकात चांगल्या कंपन्या शोधताना दिसलं की सोयीसुविधांपेक्षा वरच्यांवर विश्वास आहे का यावर सगळं ठरतं, त्यातून हे पुढे आलं. फक्त सर्व्हेची फी कंपनीच भरते आणि सर्टिफिकेट 12 महिन्यांचं असतं, त्यामुळे बॅजवरचं वर्ष बघ आधी.

माझी शंका वेगळी आहे. तो निकाल अख्ख्या कंपनीचा, आणि आपल्या धंद्यात एकाच छताखाली दोन वेगळी जगं असतात. प्रॉपर्टी मॅनेजमेंटवाल्यांना महिन्याला पगार, त्यांची डोकेदुखी म्हणजे लिफ्ट, एसी, फायर ड्रिल, भाडेकरूंच्या तक्रारी. तू जातेयस ब्रोकरेजला, म्हणजे क्लायंटला जागा मिळवून द्यायच्या कामाला, तिथं कमिशन. एक ऑफिस लीज व्हायला महिनोन्महिने जातात, कधी वर्षसुद्धा, आणि शेवटच्या क्षणी क्लायंट म्हणतो आम्ही आहे तिथंच रिन्यू करतो. झालं तरी बऱ्याच ठिकाणी अर्धं कमिशन सहीला आणि अर्धं भाडेकरू जागेत शिरल्यावर. मधल्या काळात जो ड्रॉ, म्हणजे उचल, देतात ना, तो पगार समजू नकोस, पुढच्या कमिशनमधून वळता करतात, आणि मधेच नोकरी सोडलीस तर उरलेला परत मागणार का हे विचारायचंच.

अजून विचार की कोल्ड कॉल तू केलास, बिल्डिंग तू दाखवलीस, तर स्प्लिटमध्ये, म्हणजे कमिशनच्या वाटणीत, तुझं नाव येतं की सिनियरच्या खात्यात जातं, कारण ज्युनिअर लोक मी सोडून जाताना बघितलेत ते बहुतेक यावरूनच. आणि 2020 नंतर लोक घरून काम करायला लागले, ऑफिसं रिकामी पडली, डील आटले, तेव्हा यांनी नवीन पोरांचं काय केलं? ड्रॉ वाढवून दिला की घरी पाठवलं? त्या वेळची बॅच अजून टिकून असेल तर मला बॅजपेक्षा ते जास्त पटेल.

हो आणि, बिल्डिंगमधले सिक्युरिटी, हाउसकीपिंगवाले बहुतेक काँट्रॅक्टरचे असतात, कंपनीच्या सर्व्हेत ते सहसा येत नाहीत. टीमला भेटायला जाशील तेव्हा त्यांच्याशी कोण कसं बोलतंय बघ जरा.

शुक्रवारपर्यंत मुदत आहे म्हणालीस ना, मग ड्रॉ आणि स्प्लिटचं आजच ईमेलवर लेखी माग. राग-बिग काही येत नाही कुणाला, दिवसभर लीजच्या कलमांवर भांडणारी माणसं आहेत ती. उत्तर आलं की पीडीएफ मला टाक, रात्री बसून वाचते.

आई

ता.क. बाबा विचारतायत शनिवारी सुट्टी असते का, तेही विचार.