जुन्या विमानांच्या शेपटीतील गंज रंगाखाली झाकू नये

महोदय,

विमानदुरुस्तीचे केंद्र म्हणून नागपूरचे नाव निघते तेव्हा मिहानमधील मोठ्या बोइंग विमानांची चर्चा होते आणि ती रास्तही आहे; परंतु नवशिके वैमानिक ज्यांच्यावर हात बसवतात, त्या जुन्या हलक्या विमानांच्या देखभालीतील एका दुर्लक्षित बाबीकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, तेव्हा येथे विमान गंजत नाही, हा समज अजूनही कानावर पडतो. मीठ नसले तरी साचलेले पाणी पुरेसे असते. शेपटीचे हलते भाग, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर आणि डावी-उजवीकडे वळवणारा रडर, यांच्या खालच्या भागात पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली बारीक छिद्रे रंगाने किंवा कुंभारीण माशीच्या मातीने बुजली, की पावसाचे पाणी आतच मुरते. सेसना १५२ या शिकाऊ विमानाचे उत्पादन १९८५ मध्ये थांबले, म्हणजे त्यातील सर्वांत तरुण विमानही आज चाळिशीचे आहे. सेसनाच्या काही जुन्या विमानांच्या ट्रिम टॅबमध्ये, म्हणजे एलिव्हेटरच्या मागच्या कडेवरील छोट्या हलत्या पट्टीत, फोम भरलेला असे. तो ओल धरून ठेवतो आणि बाहेरचा रंग शाबूत दिसत असताना पातळ पत्रा आतून पोखरला जातो. बीचक्राफ्ट बोनान्झाच्या व्ही आकाराच्या शेपटीचे हलते भाग तर मॅग्नेशियमच्या पत्र्याचे, आणि ते बदलून मिळणे जिकिरीचे. आपल्याकडील फ्लाइंग क्लबांत एकेकाळी सर्रास दिसणाऱ्या पुष्पक या हलक्या विमानाची शेपटी पोलादी नळ्यांची, वर कापड; तिथे गंज नळीच्या आतून चढतो. अशा नळ्यांत गरम जवसाचे तेल फिरवून जादा तेल निथळू देण्याची पद्धत जुनी आहे. जवस पिकवणाऱ्या विदर्भाने ती विसरू नये, एवढेच!

रिव्हेटच्या डोक्याभोवती रंगाला आलेला बारीक फुगा नखाने उकरला, की खालून पांढरी भुकटी निघते; हाच अ‍ॅल्युमिनियमचा गंज. नेमक्या याच ठिकाणी पोलादी काथ्याने घासण्याची घाई होते. त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून नवा गंज सुरू करतात. त्यासाठी नायलॉनचे पॅड वापरावे. पत्रा स्वच्छ झाल्यावर त्याची उरलेली जाडी मोजून निर्मात्याच्या मर्यादेशी ताडावी, ती कमी भरल्यास पत्रा बदलावा, अन्यथा रासायनिक लेप आणि प्रायमर देऊन मगच रंग द्यावा.

यानंतरची पायरी मात्र कधीही वगळू नये. एलिव्हेटर किंवा रडर ज्या बिजागरीवर हलतो, तिच्या मागे रंगाचे किंवा ठिगळाचे थोडे वजन वाढले तरी त्या भागाचा तोल बिघडतो आणि विशिष्ट वेगाला तो फडफडू लागतो. ही फडफड काही क्षणांत शेपटी तोडू शकते. म्हणून रंगकामानंतर एलिव्हेटर आणि रडर यांचा तोल देखभाल पुस्तिकेप्रमाणे पुन्हा तपासून त्याची नोंद लॉगबुकात करणे अत्यावश्यक आहे.

जुनी विमाने बाळगणाऱ्या संस्थांनी मृगापूर्वी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा एकदा, छिद्रे मोकळी करून व आरसा-टॉर्च घेऊन शेपटीची आतून तपासणी करावी, आणि विमान देखभालीच्या विद्यार्थ्यांना ती स्वतःच्या हातांनी करू द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल तंत्रज्ञ, नागपूर