ज्यू कबरींवरचं मराठी वाचून ठेवा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमच्या लातूरकडच्या शाळांच्या सहली बी आता अलिबाग-मुरूडला जायलेत. समुद्र आणि जंजिरा बघून पोरं परत येतात, पण अलिबागजवळच नवगावला बेने इस्राएल ज्यूंचं जुनं कब्रस्तान आहे ते कुणी दाखवत नाही. जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि वाहून आलेल्यांना तिथंच पुरलं, अशी त्यांच्यात पिढ्यानपिढ्या सांगत आलेली गोष्ट. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे धरले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली झाले, गावावरनं आडनावं लावली, घरात मराठी बोलायला लागले. 1948 नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले, कबरी इथंच.

कबरी राखायची ताकद कुणात उरली नाही की काय होतं ते ग्रीसच्या थेस्सालोनिकीत दिसलं. 1942 च्या डिसेंबरात, जर्मनांचा ताबा असताना, लाखो कबरींचं ज्यू कब्रस्तान मोडलं, दगड बांधकामाला नेले, आज त्या जागेवर विद्यापीठ आहे. प्रागमध्ये उलटं, जागा वाढवून मिळेना आणि जुनी कबर उकरायची नाही हा धर्माचा नियम, म्हणून वर माती टाकून थरावर थर, काही ठिकाणी 12 थर, आणि ते बघायला जगभरातनं लोक तिकीट काढून जातात.

कोकणात तसली मोडतोड कुणी करणार नाही, पण झुडपं आहेत, खारी हवा आहे आणि अलिबागच्या गुंठ्याचा भाव तर विचारूच नका. वारस परदेशात, कंपाउंड पडलेलं, मग शेजारचा बांध कोरायला किती वेळ लागतो हे आम्हा शेतकऱ्यांना सांगायला नको. आमच्याकडं लिंगायत समाज बी पुरतो, त्यामुळं दफनभूमीचं भांडण सातबाऱ्यापाशी सुरू होतं हे औशाच्या माणसाला चांगलं ठाऊक आहे. म्हणून सरकारनं अशा जुन्या जागांची मोजणी करून नोंदी पक्क्या कराव्यात.

दुसरं म्हणजे बऱ्याच कबरींवर हिब्रूसोबत मराठी कोरलंय. हिब्रूला जाणकार शोधावा लागेल, मराठी तर आपल्या पोरांना येतंच की! कॉलेजच्या इतिहास विभागांनी, आमच्या नांदेड-संभाजीनगरच्या सुद्धा, समाजाच्या लोकांना विचारून पोरं पाठवावीत, मोबाईलवर फोटो घ्यावेत, नाव-गाव-साल उतरून काढावं. फक्त ॲसिड आणि तारेचा ब्रश घेऊन जाऊ नका, दगडाला नुसतं पाणी आणि मऊ ब्रश बास.

— एक वाचक, औसा (जि. लातूर)