इराणला व्हिसा लागतो, हे एजंट का सांगत नाहीत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इथे बडोद्यात अलकापुरीतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसच्या काचेवर अजूनही "इराण, व्हिसा फ्री, १५ दिवस" असं पोस्टर लावलेलं आहे. माझ्या मेव्हण्यांनी ते बघून आत चौकशी केली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, काही लागत नाही काका, पासपोर्टची कॉपी द्या आणि अ‍ॅडव्हान्स भरा. हे साफ चुकीचं आहे म्हणून पत्र लिहितेय.

सवलत होती, नाही असं नाही. ४ फेब्रुवारी २०२४ पासून साध्या पासपोर्टवाल्या भारतीयांना फक्त फिरायला, विमानाने, सहा महिन्यांतून एकदा १५ दिवसांसाठी बिनव्हिसा जाता येत होतं. पण त्याचाच फायदा घेऊन पोरांना नोकरीचं नाहीतर तिथून पुढे दुसऱ्या देशात पाठवायचं आमिष दाखवून नेलं गेलं, आणि उतरल्यावर अपहरण करून घरच्यांकडे खंडणी मागितली, म्हणून २२ नोव्हेंबर २०२५ पासून ती सवलत बंद झाली. आता आत जायलाच काय, तिथून विमान बदलून पुढे जायचं तरी आधी व्हिसा हवा. परराष्ट्र मंत्रालयाने हे जाहीर केलंय आणि बिनव्हिसा नेतो म्हणणाऱ्या एजंटांपासून सावध राहा असंही सांगितलंय, मग ते पोस्टर अजून तिथे कसं?

आणि व्हिसा मिळाला की झालं असंही नाही ना. जून २०२५ मध्ये इस्रायलशी लढाई पेटली तेव्हा इराणवरची विमानंच बंद झाली, आपले कितीतरी विद्यार्थी रस्त्याने आर्मेनियात गेले आणि तिथून ऑपरेशन सिंधूच्या, म्हणजे आपल्या सरकारने सुटकेसाठी पाठवलेल्या, विमानाने दिल्लीला आले. फिरायला गेलेला माणूस असा अडकला तर त्याने काय करायचं? ट्रॅव्हल इन्शुरन्सचे कागद जरा नीट वाचा, बहुतेक पॉलिसींत युद्धामुळे झालेलं नुकसान वगळलेलंच असतं, ती ओळ बारीक अक्षरात कुठेतरी मागच्या पानावर असते. त्यात इराणवरच्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे आपली मास्टरकार्डसारखी कार्डं तिथे चालत नाहीत, म्हणजे खिशात रोख डॉलर असतील तेवढाच आधार. हे त्या काउंटरवर कोणी सांगतं का?

लोकांनी कधी जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. आपल्या गुजरातच्या पारशी लोकांना इराणमधल्या यझ्दच्या आतश बेहरामची, म्हणजे त्यांच्या पवित्र अग्निमंदिराची, ओढ असते, शिया मंडळी मशहदला जियारतला म्हणजे तीर्थयात्रेला जातात, ते समजतंच. पण माहिती तरी खरी द्या. व्हिसा नाकारला किंवा सरकारने जाऊ नका सांगितलं तर किती पैसे परत मिळतील ते पावतीवर लिहून द्यायला एजंटांना भाग पाडलं पाहिजे, आणि तोवर लोकांनीही व्हिसा हातात आल्याशिवाय तिकिटाचे पैसे भरू नयेत.

आपल्याला एक विनंती. टूरच्या जाहिराती आपल्याही पेपरात येतात, त्याच पानावर परराष्ट्र मंत्रालयाची त्या देशाबद्दलची ताजी सूचना तारखेसकट मराठीत छापाल का? मेव्हण्यांसारखे वयस्कर लोक वेबसाइट उघडून बघत नाहीत, पेपर मात्र रोज वाचतात.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे