पाणक्याचं पत्र

येळ्ळूर
२७ मे

प्रिय परशा,

दिवाळीनंतर तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि आता बसलोय तेही माझ्या गरजेनं, हे आधीच कबूल करतो. शिव्या शेवटी एकदम दे, तोवर वाच. फोन करता आला असता. पण मी फोन कानाला लावला की सुनंदा मेथी निवडायला शेजारी येऊन बसते, आणि व्हॉट्सअॅपवर तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. ह्या प्रकरणाला अंगठा चालायचा नाही.

आम्ही सगळे बरे. आईचा गुडघा तसाच, माझी बीपीची गोळी अर्ध्याची एक झाली. झालं.

तर रविवारी परड्यात जेवण घातलं. कारण काही नाही. मुंबई-पुण्याची सगळी मे महिन्याची यायलीत, माहेरवाशिणी आल्यात, आई म्हणाली एकदा सगळ्यांना आंब्याखाली बसवून मटण-भाकरी घालूया, माझं काय, आज आहे उद्या नाही. (हे ती २००५ पासून म्हणायलीय.) गल्लीत जो तो विचारायचा, काय काढलंय? बसूअण्णा तर कुंपणावरून रोज सकाळी, "एनु विशेष?" काही विशेष नाही म्हटलं की त्याला पटेना. विनाकारण दोन बोकड कोण कापतो? शेवटी पोरीला पाहुणे बघायला येणार म्हणून मीच उठवलं असावं, असं सुनंदाचं म्हणणं आहे. मी नाही उठवलं.

हिशेब नव्वद पानांचा. तू हसशील, पण वहीत लिहून काढला. माणशी पाव किलोहून जरा जास्त धरून चोवीस किलो मटण, दहा किलो तांदूळ, सोळा किलो ज्वारीचं पीठ म्हणजे माणशी दोन भाकरी. ब्याडगी दोन भाग, सांकेश्वरी एक भाग. तुझ्या आचारी कल्लाप्पाकाकांचंच प्रमाण, रंगाला ब्याडगी आणि घाम काढायला सांकेश्वरी. तांदूळ मात्र बाजारचा आणला. येळ्ळूरच्या बासमतीच्या शिवारात राहून तांदूळ विकत आणायचा, ह्यावर आईनं दोन दिवस तोंड फिरवलं होतं. तिला कोण सांगणार की बासमतीची शेतं आता कुणी लावतच नाही फारशी, आणि नव्वद माणसांना लावायचा झाला तर मला परडंच विकावं लागेल.

शनिवारी दुपारी चर खणला. दोन फूट रुंद, तोंड पश्चिमेला, वारा तिकडनं असतो म्हणून. कडेला जांभ्याचे चिरे. लाकूड बाभळीचं आणि चिंचेचं. आंब्याची वाळकी फांदी पोरांनी आणून टाकलेली मी काढून फेकली, धूर नुसता. आणि पातेल्यांच्या बुडाला राखमातीचा लेप. सुनंदा म्हणाली, यूट्यूबवर बघितलंस का? मी म्हटलं, उचगावला मळेकरणी देवीच्या आमराईत मंगळवार-शुक्रवारच्या जेवणांना कल्लाप्पाकाकांच्या हाताखाली दोन सुट्ट्या भांडी घासलीत, परशानं आणि मी. लेप नसला की काय होतं ते ह्या नखांना विचार.

आता तिथून पुढं. बसूअण्णाच्या घरचे खात नाहीत, म्हणून त्यांची चूल वेगळी, पळ्या वेगळ्या, वाढपीसुद्धा वेगळा. तर त्याच्या बायकोनं येताना एण्णगाई म्हणजे भरली वांगी आणि रोट्ट्या इतक्या करून आणल्या की त्यावरच आणखी वीस माणसं जेवली. आमच्या दोघांच्या परड्यामधला सीमाप्रश्न तुला माहीतच आहे, आंब्याची ती एक फांदी त्यांच्याकडं गेलेली. १९५६ पासूनचा बेळगावचा मोठा प्रश्न सुटायचा तेव्हा सुटेल, आमचा आम्ही सोडवलाय. आंबा ज्याच्या बाजूला पडेल त्याचा, आणि फांदी हलवायची नाही. पोरं रात्री हलवतात. दोन्हीकडची.

चूक कुठं झाली ते ऐक. मी घरटी एक माणूस सांग म्हणालो होतो. आई गल्लीत फिरली आणि सगळ्यांना चूलबंद सांगून आली. कुणाच्या घरी चूल पेटायची नाही म्हटल्यावर म्हातारी, तान्ही, पाहुण्यांचे पाहुणे, सगळे. सातच्या सुमाराला मी पाठीवर हात ठेवून परड्यात बघितलं तर दीडशेच्या वर माणूस! नव्वदचा हिशेब चुलीत.

त्यात साडेपाचला वळीव येऊन गेला. गडाच्या बाजूनं काळंभोर आलं, दहा मिनिटं झोडपलं. बसूअण्णाची ताडपत्री आम्ही सहाजण चार कोपरे आणि दोन मधल्या काठ्या धरून चरावर उभे. अंगावरचं सगळं भिजलं, पातेल्यात एक थेंब गेला नाही. तेव्हा मला ह्याचा अभिमान वाटला. नंतर वाटलं, चार थेंब जायला हवे होते. का ते कळेलच.

पहिल्या दोन पंगती झकास. लाईट गेलेली, दोन गाड्यांचे दिवे लावून ठेवले होते. सगळे सुपारीच्या पानातून ओरपायलेत, कडेला तुझा तो मास्तर सीमाप्रश्नाच्या २००४ च्या सुप्रीम कोर्टातल्या दाव्याची पुढची तारीख तोंडपाठ सांगायलाय, कुणी ऐकेना, सगळ्यांचं लक्ष नळ्यांकडं. मी पळी घातली तर पळी तळाला लागली. ठण्ण. तो आवाज तुला कळेल. बायकापोरांच्या दोन पंगती अजून बसायच्या. भाताचं काही नाही, आणखी पाच किलो टाकला, अर्ध्या तासात उतरला. भाकऱ्या थापायला बायका होत्या, पीठ शेजारून आलं. रस्सा कुठनं आणायचा? मटणाच्या अळणीचं पाणी ठेवलं होतं ते पोरांनी संध्याकाळीच वाट्या वाट्या करून संपवलेलं.

परशा, मी पाणी घातलं.

थंड नाही रे! एवढं तरी शिकलोय. दुसऱ्या चुलीवर उकळतं पाणी तयार होतंच, काकांची शिकवण, पातेल्याशेजारी आधण पाहिजेच. कढईत तेल, उरलेलं कांदा-खोबऱ्याचं वाटप, दोन मुठी चटणी, दाटपणाला डाळव्याचं पीठ. तेल सुटेपर्यंत परतलं आणि वर दहा-बारा लिटर आधण. मीठ. दहा मिनिटं रटरटू दिलं आणि मोठ्या पातेल्यात ओतलं. रंग आला, तर्री आली, वासही आला. सुनंदानं बघितलं. म्हणाली, "कुणाला कळायचं न्हाई, वाढा." आणि खरंच कुणाला कळलं नाही. तिसऱ्या पंगतीला मुंबईच्या मावशीनं तीनदा रस्सा घेतला आणि म्हणाली, असा रस्सा मुंबईत पैसे देऊन मिळत नाही. मी मान खाली घालून वाढत होतो.

आता १९९३ ची जत्रा आठव. तुमच्या घरी दोनशे पानं, रस्सा उकळतोय, कुणीतरी त्यात थंडगार पाण्याची घागर ओतली, तर्री फाटली, मटण वातड झालं. काकांनी पळी घेतली ती माझ्या पाठीत. त्या दिवसापासून मी पाणक्या. शाळेत पाणक्या, दूध डेअरीवर पाणक्या, माझ्या लग्नाच्या मांडवात तू माईकवरून पाणक्या म्हणालास, सुनंदाच्या माहेरची माणसं माझा पाण्याचा धंदा आहे असं समजून बसली. आणि ती घागर मी ओतली नव्हती. तू ओतलीस. तू म्हणणार, मी नुसती उचलून दिली. अरे, उचलून कुणाला दिलीस? मी तेव्हा लाकडं आणायला गेलो होतो! तीस वर्षं आपलं ह्यावर भांडण चाललंय आणि अजून तू बधत नाहीस. असू दे. माझी पाठ, माझं नाव, मी सोसलं, कारण आतून ठाऊक होतं की मी पाणी घातलेलं नाही.

आता घातलंय. सांग, आता मी कुणाशी भांडू?

आणि शेवटच्या पंगतीला कल्लाप्पाकाका बसले. आणायला मीच गेलो होतो. ऐंशी पार केलीय, पळी उचलत नाही आता, हात थरथरतो. धोतर स्वच्छ, टोपी इस्त्रीची. खुर्ची नको म्हणाले, खालीच बसले. मी स्वतः वाढलं. माझ्या वाटणीची कलेजी ठेवली होती ती त्यांच्या पानात घातली. त्यांनी भाकरीला हात लावला नाही. द्रोण उचलला, आधी वास घेतला, मग एक घोट, आणि तो घोट तोंडातच धरून बसले. डोळे मिटून. मी पळी घेऊन उभा. बाजूला मावशी चौथ्यांदा रस्सा मागायलीय, मला ऐकू येईना.

डोळे उघडून म्हणाले, "पाणी कुठलं रं?"

मी म्हटलं, "आडाचं, काका."

"बरं हाय," म्हणाले. आणि भाकरी मोडली.

बस, एवढंच. जेवले, दोन भाकऱ्या आणि भात. जाताना सुनंदानं डबा भरून दिला, तो घेतला. मी सोडायला गेलो तर वाटेत पावसाविषयी बोलले, तुझ्याविषयी बोलले, रस्स्याविषयी शब्द नाही.

आता तू सांग. ह्याचा अर्थ काय? आचारी माणूस पाणी कुठलं विचारतो ते बरोबर आहे, बोअरच्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हे तेच सांगायचे. मळेकरणीला गेलं की आधी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचे. तर हे सरळ विचारणं असेल. पण माणूस तो घोट तोंडात किती वेळ धरेल? आणि 'कुठलं' म्हणजे आडाचं का नळाचं, की 'हे पाणी आलं कुठनं'? सुनंदा म्हणते, म्हाताऱ्या माणसानं सहज विचारलं, झोप आता. तिला काय ठाऊक. मी तीन रात्री हेच करायलोय.

आणि ते 'बरं हाय'. काकांनी 'बरं हाय' म्हटलेलं मला आयुष्यात दोनदाच आठवतं. एकदा माझी नवी सुझुकी बघून आणि एकदा तुझा एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा निकाल ऐकून. गाडी चांगली होती. निकालाचं तुला माहीत आहे.

म्हणून तुझ्याकडं आलोय. तुझे चुलते आहेत, त्यांच्या मांडीवर वाढलायस. त्यांना फोन कर, तब्येत विचार, मग सहज विचार की मारत्याकडचं जेवण कसं झालं. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. आणि विचारताना हसू नकोस, तुझं हसू फोनमधून कळतं. ते काय म्हणतात ते शब्दाला शब्द मला कळव, तुझं मीठमसाला नको. त्यांना कळलं असेल तर मी जाऊन पाय धरीन, त्याची लाज नाही. कळलं नसेल तर... मग जरा जास्तच वाईट वाटेल बघ. म्हणजे काकांची जीभ गेली म्हणायची. ह्यातलं कुठलं बरं, मलाच ठरवता येईना.

मोठं तपेलं त्यांचंच आणलेलं. ते अजून माझ्या सोप्यात पडलंय, घासून पुसून. काल नेऊन देणार होतो, आजही देणार होतो. कडेला एक पोचा आलाय, तो आधीचाच आहे असं मी धरून चाललोय.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? प्रतीकच्या नोकरीचं कळव. वैनींचा ऑपरेशननंतर आता खांदा वर होतो का, विचारलंय सुनंदानं. गणपतीला या सगळे, ह्या वेळी कारणं नकोत.

तुझा
मारत्या

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, बरं झालं. आत्ता काकांचा नातू डबा परत देऊन गेला. घासलेला, लखलखीत. आत चार लिंबं. त्यांच्या परड्यातली, चांगली पिवळी. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून घातली असतील. पण रस्सा फिका लागला की माणूस लिंबूच मागतो की नाही? परशा, लगेच फोन कर.