तक्रार : तुमची सांडपाणी टाकी पहिल्याच पावसात जमिनीबाहेर आल्याबद्दल व रक्कम परत मिळण्याबाबत

दिनांक : ८ सप्टेंबर २०२५
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गौरी-गणपती होऊन घर रिकामं झालं, म्हणून आता सविस्तर लिहायला बसले. फोनवर चार वेळा सांगून झालं आहे. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा आणि शेवटी "मॅडम, तिकीट रेज केलंय." त्या तिकिटावर आमच्या वाडीत अजून कुणी उतरलेलं नाही.

आधी व्यवहार सांगते. मार्चमध्ये तुमचे प्रतिनिधी घरी आले, तेव्हा आम्ही परसातला जुना संडास पाडून घरालगत नवीन संडास-न्हाणीघर बांधत होतो. गवंड्याचं म्हणणं होतं की चिऱ्याची दोन कप्प्यांची सेप्टिक टाकी बांधू, आतून गिलावा घट्ट करू, आणि न्हाणीचं व मोरीचं पाणी तिच्यात सोडायचंच नाही, ते पूर्वीसारखं केळी-अळवाला जाऊ दे. तुमच्या प्रतिनिधींनी टॅबवर काचेच्या ग्लासातलं नितळ पाणी दाखवलं. एका दिवसात टाकी बसते, वास नाही, उपसा नाही, घरातलं सगळं पाणी एकाच पाइपातून सोडा, बाहेर पडेल ते बागेला घाला. मी भुलले, हे कबूल करते. गवंडी एवढंच म्हणाला, "वहिनी, पावसात काय करता ते बघा."

टाकी, हवेचा पंप आणि बसवणी मिळून १,३४,५०० रुपये तुम्हाला दिले. खड्डा खणायचे १८,००० आमचे वेगळे. कातळ लागला, ब्रेकर आणावा लागला.

एवढी रक्कम घेताना तुम्ही विचारलेला प्रश्न एकच : घरात माणसं किती? मी म्हटलं, चार. त्यावरून पाच माणसांचं, दिवसाला ५०० लिटरचं मॉडेल ठरलं. कोकणातल्या घराची माणसं मोजायची तर गणपतीत किती, हे विचारायला हवं. आमच्याकडे १७ असतात. जल जीवन मिशनचं माणशी रोजचं ५५ लिटर पाणी धरलं तरी दिवसाचे ९३५ लिटर होतात. हा हिशेब करायला अभियंता लागत नाही, मी तिसरी-चौथीच्या मुलांकडून असली गणितं करून घेतलेली आहेत.

विजेचंही तसंच. "एका बल्बएवढी वीज," असं सांगितलं होतं. पंप ६० वॅटचा आहे, म्हणजे शब्दाने खोटं नाही. पण बल्ब आम्ही रात्री मालवतो, हा चोवीस तास चालतो. महिन्याला साधारण ४३ युनिट. शिवाय वारा-पाऊस सुरू झाला की लाईट कधी दीड दिवस येत नाही. हवा थांबली की हवेवर जगणारे जिवाणू मरतात आणि टाकीला वास सुटतो, हे मला तुमच्याच तंत्रज्ञाने जूनमध्ये सांगितलं. मार्चमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

आता मुख्य तक्रार. या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. जूनच्या सुरुवातीपासून न्हाणीघरात कुजका वास येऊ लागला, म्हणून फोन केला. १८ जूनला तंत्रज्ञ आला. त्याने दोन हजार लिटरची टाकी पंपाने पूर्ण उपसली, तळाशी डबाभर जिवाणूंचं द्रावण ओतलं आणि "आठ दिवस वापरू नका, मग आपोआप भरेल" असं सांगून निघून गेला. टाकी रिकामी. आजूबाजूची जमीन पावसाने चिंब. आमच्याकडे जांभा आहे, त्याच्या भोकाभोकांतून पाणी वाहतं. एप्रिलमध्ये खडखडीत असलेल्या खड्ड्यात जूनअखेर दोन हातांवर पाणी लागतं.

२२ जूनच्या रात्री पाऊस कोसळला. सकाळी सासूबाईंनी हाक मारली, "अगो, हे झाकण वर कसं आलं?" बघते तर टाकी एका अंगाने दीड वीत वर उचललेली, भोवतीची माती फाटलेली, संडासाकडून येणारा चार इंची पाइप सांध्यातून निखळून तिरका झालेला. फटीतून काळं पाणी हळूहळू पायरीकडे येत होतं. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. तिकडे पाय टाकू नयेत म्हणून मी त्या वाटेवर पाटा आडवा घातला.

विहिरीवर पाणी भरणाऱ्या कुठल्याही बाईला याचं कारण कळेल. भरलेला हंडा बुडतो, रिकामा तरंगतो. दोन हजार लिटरची रिकामी टाकी चहूबाजूंनी पाण्यात असेल तर पाणी तिला जवळजवळ दोन टनांच्या जोराने वर ढकलतं. फायबरच्या टाकीचं वजन तुमच्याच कागदावर ९० किलो आहे. खाली काँक्रीटचा तळ नाही, त्याला बांधायचे पट्टे नाहीत. नंतर तुमची पुस्तिका नीट वाचली. अकराव्या पानावर, इंग्रजीत, बारीक अक्षरात छापलं आहे : भूजल वर असेल तर तळ आणि पट्टे आवश्यक, टाकी कधीही रिकामी ठेवू नये. ही पुस्तिका टाकी पुरून झाल्यावर आमच्या हातात दिली होती.

तुमचं उत्तर ईमेलने आलं : अतिवृष्टी ही नैसर्गिक आपत्ती असल्याने वॉरंटी लागू नाही. साहेब, जूनमध्ये रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस पडणं ही आपत्ती नव्हे. तो पडला नाही तर आपत्ती.

विहिरीबद्दल लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी तुमच्या माणसांनी शोषखड्डा काढला, तो विहिरीपासून ११ मीटरवर. मी टेपने मोजलं आहे. आयएस २४७० या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात हे अंतर किमान १८ मीटर सांगितलं आहे, आणि जमिनीत पाणी किती वेळात मुरतं याची चाचणी आधी घ्यायला सांगितली आहे. ती झाली नाही. खड्डा तिथे का, असं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "पाइप कमी लागतो." जुलैमध्ये ग्रामपंचायतीच्या पाणी-तपासणी किटमधल्या एचटूएसच्या छोट्या बाटलीत (पाण्यात मैल्याचे जंतू असले तर ती काळी पडते) विहिरीचं पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाईसारखं काळं. पावसाळ्यात विहिरी बिघडतात, त्यामुळे दोष फक्त तुमच्या खड्ड्याचा असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण एप्रिलमध्ये त्याच विहिरीच्या पाण्याची बाटली काळी झाली नव्हती, आणि मागच्या पावसाळ्यातही नव्हती. तेव्हापासून विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालतोय आणि पाणी उकळून पितोय.

आणि गणपती. २७ ऑगस्टला मूर्ती आली, मुंबई-पुण्याहून माणसं आली, आणि एवढा टाइल्सचा नवा संडास कुलूप लावून बंद. सात दिवस १७ माणसं चुलत सासऱ्यांच्या घरी जात होती, रात्री बॅटरी घेऊन, भर पावसात. माहेरवाशीण नणंद एका रात्री निसरड्यावर पडली, मनगट सुजलं. त्यांचं घर मोठ्या मनाचं, म्हणून निभावलं.

म्हणून माझं मागणं असं. १,३४,५०० रुपये पूर्ण परत करावेत. टाकी, पंप आणि निखळलेला पाइप तुमच्या खर्चाने काढून न्यावा, आणि विहिरीजवळचा शोषखड्डा उपसून भरून द्यावा. खणाईचे १८,००० मी तुमच्याकडून मागते आहे, कारण तो खड्डा आता कशालाच उपयोगी नाही. नवीन टाकी नको, दुसरं मॉडेल नको, सवलतीचं कूपन तर नकोच. दिवाळीनंतर गवंडी त्याच्या पद्धतीची टाकी बांधणार आहे, उताराच्या पलीकडच्या अंगाला, विहिरीपासून २६ मीटरवर.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन. पावती, १८ जूनचा सर्व्हिस रिपोर्ट, टाकी वर आल्याचे फोटो आणि तुमचा ईमेल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. सर्व्हिस रिपोर्टवर तंत्रज्ञाने स्वतःच्या हाताने "टँक फुल्ली एम्प्टीड" असं लिहिलं आहे, ते वाचावं.

टाकी न्यायला गाडी पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा आणि छोटी गाडी पाठवा. खालच्या वळणावर मोठी गाडी वळत नाही. आणताना शेजाऱ्यांचा गडगा पडला होता, तो आम्ही रचून दिला. या वेळी तुमच्या माणसांनी रचायचा.

आपली ग्राहक,
(सही)