दात सुटे ठेवायला शिकवणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याकडे आले होते ती दाढ काढून घ्यायच्या तयारीने. उजव्या कानापाशी ठणका, सकाळी उठल्यावर जबडा जड, कानशिलं दुखरी. कान तपासून झाला होता, त्यात काही सापडलं नव्हतं. म्हणजे दाढच किडली असणार, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तुम्ही दिवा सरकवलात, बराच वेळ काही बोलला नाहीत आणि मग माझ्या हातात आरसा दिलात. सुळ्यांची टोकं घासून सपाट झालेली. गालाच्या आत, दात मिटतात त्या रेषेवर पांढरट वळ. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे. "किडलेलं काही नाही," तुम्ही म्हणालात, "हल्ली कसला ताण आहे का?"

"छे, ताण वगैरे काही नाही."

डॉक्टर, त्या दिवशी मी खोटं बोलले नव्हते. ताण म्हणजे रडू येणं, हातपाय गळणं, कामं अडून राहणं, असंच मी समजत होते. माझी तर सगळी कामं वेळेवर होत होती. घरात सासूबाईंचं आजारपण, कामावर दोघांचा भार एकटीवर, आणि तरी कुठे काही अडलेलं नव्हतं. त्यामुळे तो शब्द माझा वाटलाच नाही.

तुम्ही वाद घातला नाहीत. गालाच्या स्नायूवर दोन बोटं ठेवलीत आणि विचारलंत, "या क्षणी दात एकमेकांना टेकलेत की सुटे आहेत?" टेकलेले होते. टेकलेले कसले, आवळलेले होते. चावणं आणि गिळणं सोडलं तर दात एकमेकांना लागायचं कारणच नसतं, जबडा सैल असला की वरच्या-खालच्या दातांत २-३ मिलिमीटर जागा मोकळी राहते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. "ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकी टेकलेली," एवढं तुम्ही माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत. बाहेर माणसं खोळंबली होती, तरीही.

मग ते लाल ठिपके. फोनच्या पाठीवर, कपाटाच्या दारावर, कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवा, ठिपका दिसला की दात कुठे आहेत ते बघा आणि आवळलेले असले तर त्या वेळी काय चाललं होतं ते एका ओळीत लिहा, असं तुम्ही सांगितलंत. दोन आठवडे लिहिलं. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

मला वाटलं होतं, दवाखान्याच्या फेऱ्या आणि कामाची धावपळ तिथे सापडेल. पण धावपळीच्या वेळी जबडा बराच सैल असायचा. दात आवळले जायचे ते भलत्याच वेळी. फोन थरथरला की, कुणाचा आहे ते बघण्याआधीच. रविवारी संध्याकाळी, काहीही करत नसताना. आणि सगळ्यात जास्त वेळा, "हो, चालेल, मी करते" असं म्हणताना. नको असताना होकार द्यायचा आणि जबडा घट्ट मिटायचा, हे त्या वहीत अकरा वेळा आहे. आपल्या भाषेत चिडलेल्या माणसाला 'दातओठ खातोय' म्हणतात. मी किती महिने दातओठ खात होते, आणि आपल्याला राग आलाय हेच मला ठाऊक नव्हतं. ते वाचून त्या रात्री मी खूप रडले. ते रडणं हलकं करणारं होतं.

धोका जाणवला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५मध्येच हे मांडलं होतं, हे मी नंतर वाचलं. अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात सुटतं, छाती धडधडते, स्नायू ताठरतात. धोका टळला की ही सज्जता ओसरायला हवी. माझी ओसरत नव्हती, कारण ओसरायच्या आत पुढचा निरोप येऊन पडलेला असायचा.

झोपताना दातांवर चढवायचा गार्ड देताना तुम्ही स्पष्ट सांगितलंत, "हा दात वाचवेल, आवळणं थांबवणार नाही." म्हणून बाकीचंही केलं. रात्री मुठी, खांदे, चेहरा एकेक करून घट्ट आवळायचे आणि एकदम सोडून द्यायचे. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा. उद्याची कामं झोपण्याआधी कागदावर उतरवायची. यातलं मला सर्वांत उपयोगी पडलं ते मात्र साधं आहे. आता मी लगेच "चालेल" म्हणत नाही, "विचार करून उद्या सांगते" म्हणते. पहिल्यांदा म्हणताना आवाज कापला होता.

चिठ्ठीच्या मागे तुम्ही लिहिलं होतंत की झोप सुधारली नाही किंवा कशातच मन लागेनासं झालं, तर समुपदेशकाकडे जा, आणि छातीत दुखलं तर ताण समजून घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. झोप सुधारायला वेळ लागला, म्हणून मी समुपदेशकाकडेही गेले. दाताच्या डॉक्टरांनी पाठवलं म्हटल्यावर त्यांना जराही नवल वाटलं नाही.

ठणका गेला आहे. रविवारची संध्याकाळ अजून जड जाते, पण आता ती येताना कळते.

परवा धाकटा भाऊ फोनवर त्याच्या कामाबद्दल सांगत होता. "मला कसला ताण, ताई," म्हणाला. मी विचारलं, "आत्ता दात कुठे आहेत तुझे?" तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "आवळलेत गं."

पुढच्या तपासणीला त्यालाही घेऊन येते.

तुमची कृतज्ञ,
एक रुग्ण